एकनाड, निगेटिव्ह आणि बहात्तर तास

लग्न जमवताना हातात येणाऱ्या बायोडेटात रास, नक्षत्र, गण, नाडी यांच्या खालीच हल्ली रक्तगटाचा रकाना असतो. ही शेजारओळ अंगवळणी पडल्यामुळे असेल, पण एक समजूत चांगलीच मुरली आहे. एकनाड म्हणजे एकच रक्तगट, आणि आरएच फॅक्टरचा धोका आपल्या पूर्वजांनी नाडीच्या रूपानं आधीच सांगून ठेवला होता, असं शिकलीसवरलेली माणसंही ठामपणे सांगतात. गुणमेलनातल्या ३६ पैकी ८ गुण एकट्या नाडीचे, त्यामुळे या बोलण्याला वजनही येतं.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. नाडी ठरते जन्मवेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात होता यावरून. २७ नक्षत्रांची नऊ-नऊ अशी वाटणी करून आद्य, मध्य आणि अंत्य नाडी येते, म्हणजे प्रत्येक नाडीत साधारण एक-तृतीयांश माणसं. भारतात आरएच निगेटिव्ह माणसं शंभरात पाचच्या आसपास. तिसरा हिस्सा आणि विसावा हिस्सा कसे जुळायचे? जुळी भावंडं पाच मिनिटांच्या अंतरानं जन्मतात, त्यांची नाडी एकच असते, आणि तरी एक पॉझिटिव्ह व दुसरं निगेटिव्ह असू शकतं. सगळ्यात मोठी गंमत पुढे आहे. आरएचचा त्रास आईवडिलांचं रक्त सारखं असल्यामुळे होतच नाही, वेगळं असल्यामुळे होतो. दोघंही निगेटिव्ह असतील तर मूल निगेटिव्हच होणार आणि डॉक्टर निवांत राहणार. म्हणजे एकनाडीला आरएचचं रूप मानायचं ठरवलं, तर दोष नेमका उलट्या जोडप्यांना लावावा लागेल.

रक्तगट पाहून स्थळ नाकारण्याला वैद्यकशास्त्रात आधार नाही. आधार आहे तो रक्तगट वेळेवर कळण्याला आणि त्यानंतरच्या काही ठरावीक तारखा न चुकवण्याला. आपल्याकडे घोळ होतो तो या तारखांमध्ये.

आधी हिशेब साफ करू. आई पॉझिटिव्ह असेल तर वडिलांचा आरएच काहीही असो, या बाबतीत चिंता नाही. जावई निगेटिव्ह आहे म्हणून हबकणारे सासरे मी पाहिले आहेत. त्यांनी खुशाल झोपावं. प्रश्न फक्त आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह या जोडीचा. लाल पेशीवर डी नावाचं प्रथिन असलं की माणूस पॉझिटिव्ह, नसलं की निगेटिव्ह. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी या जनुकाची जोडी येते, आणि दोन्हीकडून ‘नाही’ आलं तरच माणूस निगेटिव्ह होतो. पॉझिटिव्ह वडिलांकडे दोन्ही प्रती डीच्या असतील तर प्रत्येक मूल पॉझिटिव्ह होणार. एकच असेल तर दर गरोदरपणात निम्मी-निम्मी शक्यता. वडिलांकडे किती प्रती आहेत हे काही वेळा घरातल्या घरात कळतं. त्यांची आई किंवा त्यांचे वडील निगेटिव्ह असतील, किंवा या जोडप्याला आधीच एक निगेटिव्ह मूल असेल, तर वडिलांकडे डीची एकच प्रत आहे.

आता शरीरात काय होतं ते. गरोदरपणात आई आणि बाळाचं रक्त सहसा एकमेकांत मिसळत नाही, पण प्रसूतीच्या वेळी, वार सुटताना बाळाचं थोडं रक्त आईत उतरतं. निगेटिव्ह आईच्या शरीराला डी परका. ते त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करायला लागतं, पण सावकाश. तोवर पहिलं बाळ घरी आलेलं असतं आणि सगळं सुरळीत वाटतं. पुढच्या खेपेला बाळ पुन्हा पॉझिटिव्ह असलं की जुनी ओळख जागी होते, आणि या वेळची प्रतिपिंडं वार ओलांडून जाणाऱ्या जातीची असतात. ती बाळाच्या लाल पेशी फोडत राहतात. बाळ पोटातच रक्तहीन होतं. हृदयावर ताण येतो, अंगात पाणी साठतं, काही बाळं मृत जन्मतात. जी जिवंत जन्मतात त्यांना पहिल्याच दिवशी तीव्र कावीळ होते, आणि ती मेंदूत उतरली तर बहिरेपणा व हालचालींचं अपंगत्व मागे ठेवते. पहिलं मूल धडधाकट आणि नंतरची एकामागून एक गेलेली, अशा जुन्या घरगुती कहाण्यांपैकी काहींमागे हेच असणार. तेव्हा मात्र दोष त्या बाईच्या पायगुणावर गेला.

हे कोडं सुटायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये फिलिप लेव्हिन आणि रूफस स्टेटसन यांनी एका बाईची केस छापली. तिचं मूल मृत जन्मलं होतं, रक्तस्राव झाला म्हणून तिला नवऱ्याचं रक्त दिलं आणि गट जुळत असूनही तिला भयंकर प्रतिक्रिया आली. तिच्या रक्तद्रवानं गट जुळणाऱ्या १०४ जणांपैकी ८० जणांच्या पेशींच्या गाठी केल्या. लेव्हिननी अंदाज बांधला की बाळाला वडिलांकडून मिळालेल्या कशाविरुद्ध तरी आईच्या शरीरानं शस्त्र उपसलं आहे. पुढच्याच वर्षी कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी ऱ्हीसस माकडांच्या पेशींवरच्या कामातून आरएच हे नाव दिलं. चाळीसच्या दशकात जन्मलेल्या बाळाचं रक्त बदलण्याची पद्धत आली. १९६३ मध्ये ऑकलंडला विल्यम लायली यांनी पोटातल्या बाळालाच रक्त देऊन दाखवलं. पण हे सगळं आग लागल्यानंतरचं पाणी होतं.

आग लागूच न देण्याची युक्ती निघाली ती एका विचित्र निरीक्षणातून. आई ओ गटाची आणि बाळ ए किंवा बी गटाचं असेल, तर आईत आरएचची प्रतिपिंडं कमी वेळा तयार होतात, हे लेव्हिनच्या लक्षात आलं होतं. कारण ओ गटाच्या आईकडे ए आणि बी विरुद्धची प्रतिपिंडं लहानपणापासूनच्या शिदोरीसारखी तयार असतात. बाळाच्या पेशी आईत शिरल्या की ती त्यांचा फडशा पाडतात, आणि डीची ओळख पटायला पेशी उरतच नाहीत. लिव्हरपूलमध्ये सिरिल क्लार्क आणि रोनल्ड फिन यांनी विचार केला, की हेच काम आपण बाहेरून केलं तर? क्लार्क हे डॉक्टर, पण फुलपाखरांच्या पंखांवरच्या नक्षीच्या आनुवंशिकतेचे नादिष्ट अभ्यासक. तिथूनच ते रक्तगटांकडे वळले. ज्या प्रतिपिंडामुळे बाळ मरतं तेच प्रतिपिंड आईला टोचायचं, ही कल्पना ऐकायला वेडगळ वाटते. क्लार्क नंतर सांगत, की मध्यरात्री त्यांच्या पत्नीनं उठवून हे सुचवलं, तेव्हा ते आधी तिच्यावर वैतागले होते.

त्याच सुमाराला न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट फ्रेडा, जॉन गॉर्मन आणि विल्यम पोलॅक दुसऱ्या वाटेनं तिथेच पोचले. त्यांनी प्रयोग केले सिंग सिंग तुरुंगातल्या निगेटिव्ह कैद्यांवर. पॉझिटिव्ह रक्त टोचायचं आणि मग प्रतिपिंड द्यायचं. प्रसूतीनंतर ७२ तासांत इंजेक्शन घ्या, हे आज जगभरातलं प्रत्येक रुग्णालय सांगतं. तो आकडा या तुरुंगातून आला आहे. सुरक्षेच्या कारणानं संशोधकांना दोन भेटींत तीन दिवसांचं अंतर ठेवावं लागलं, तेवढ्या अंतरानं इंजेक्शन लागू पडलं, आणि तोच नियम झाला. म्हणून ७२ तास उलटले तर सगळं संपलं असं नाही. दहा दिवसांपर्यंत, काही मार्गदर्शक सूचनांनुसार त्याहूनही उशिरा, थोडाफार फायदा मिळतो. चौथ्या दिवशी आठवण झालेल्या बाईला ‘आता काय उपयोग’ म्हणून परत पाठवणं चूक आहे. १९६८ मध्ये अमेरिकेत हे औषध बाजारात आलं. प्रतिबंधक वैद्यकात इतकं स्वच्छ यश फार थोड्या वेळा मिळालं असेल. काहीच केलं नाही तर पॉझिटिव्ह बाळाला जन्म देणाऱ्या शंभर निगेटिव्ह आयांपैकी बारा ते सोळाजणींत प्रतिपिंडं तयार होतात. प्रसूतीनंतरच्या इंजेक्शननं हा आकडा शंभरी दीड-दोनवर येतो. त्याला २८ व्या आठवड्याच्या इंजेक्शनची जोड दिली की हजारी दोन-तीन.

मग अडतं कुठे? सुरुवात प्रयोगशाळेच्या टेबलापासून करू. काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब ठेवतात. एकात निळं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी, तिसऱ्यात पाण्यासारखं रंगहीन अँटी-डी मिसळतात. काडीनं ढवळून पट्टी हलवली की थेंब दह्यासारखा फुटतो किंवा तसाच एकजीव राहतो. तिसरा थेंब एकजीव राहिला की कार्डावर ‘निगेटिव्ह’ लिहिलं जातं. पण काही माणसांच्या पेशींवर डी असतो, पण फारच थोडा. काचपट्टीवर तो दिसत नाही, परीक्षानळीत पुढची पायरी केली की दिसतो. याला वीक डी म्हणतात. अशी बाई रक्तदानाला गेली तर रक्तपेढी तिला पॉझिटिव्ह म्हणते, कारण तिचं रक्त निगेटिव्ह रुग्णाला चालणार नाही. तीच बाई प्रसूतीला गेली तर सावधगिरी म्हणून निगेटिव्ह धरली जाते. घरात दोन कार्डं आणि दोन उत्तरं, मग लॅब चुकली म्हणून भांडण! बहुतेक वेळा कुणीच चुकलेलं नसतं. दोन्ही कागद डॉक्टरांपुढे ठेवावेत आणि शंका उरली तर रक्तगटांची सखोल तपासणी करणारी प्रयोगशाळा गाठावी. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ मध्ये ती रक्तगट संदर्भ केंद्र म्हणूनच सुरू झाली.

गरोदरपणाची नोंद होताना रक्तगट तपासणं सरकारी कार्यक्रमातही आहे आणि माता-बाल संरक्षण कार्डावर त्याची जागा आहे. निगेटिव्ह निघाली की पुढची तपासणी इनडायरेक्ट कूम्ब्स, म्हणजे वेटिंग रूममधल्या भाषेत ‘आयसीटी’. आईत आधीच प्रतिपिंडं आहेत का, एवढंच ती सांगते. नसतील तर २८ व्या आठवड्यात अँटी-डी प्रतिपिंडाचं एक इंजेक्शन, साधारण ३०० मायक्रोग्रॅमचं. प्रसूती झाली की नाळेतून बाळाचं रक्त घ्यायचं आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर ७२ तासांत दुसरं. बाळ निगेटिव्ह असेल तर दुसऱ्याची गरज नाही. मधल्या काळात एक घबराट हमखास होते. २८ व्या आठवड्याचं इंजेक्शन घेतल्यावर आयसीटी केली तर ती पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण टोचलेलीच प्रतिपिंडं तिला सापडतात. इंजेक्शनची तारीख कागदावर नसेल तर नव्या डॉक्टरांना वाटतं की बाईत प्रतिपिंडं तयार झाली, आणि प्रसूतीनंतरचा डोस राहून जातो.

आता ही तारीख आपल्या रीतीभातींवर ठेवून पाहा. पहिलटकरीण डोहाळजेवण उरकून माहेरी जाते ती साधारण सातव्या महिन्यात. २८ वा आठवडाही तिथेच येतो. फाइल सासरच्या डॉक्टरांकडे, बाई माहेरच्या वाटेवर, आणि इकडच्यांना वाटतं तिकडे देतील, तिकडच्यांना वाटतं इकडे दिलं असेल. नोकरदार घरात निदान फोन होतो. बीडकडची ऊसतोडीची जोडपी दिवाळीच्या आगेमागे कारखान्याच्या फडावर जातात आणि हंगाम संपेपर्यंत तिथेच असतात. त्या काळात आठवा-नववा महिना लागलेल्या बाईचं कार्ड कुठल्या पेटीत असतं आणि आशाताई कुठल्या गावात, याचा विचार केला की काही हजार रुपयांचं, २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागणारं इंजेक्शन तिच्यापासून किती लांब आहे ते कळतं. माझ्या मते या आजाराचं महाराष्ट्रातलं खरं दुखणं वैद्यकीय कमी आणि कागद हरवण्याचं जास्त आहे.

निर्णयांच्या काही जागा मात्र खरोखर अवघड आहेत. पहिली जागा वडिलांची तपासणी. वडील निगेटिव्ह निघाले तर आईचं इंजेक्शन वाचतं, म्हणून आपल्याकडे ‘मिस्टरांचा गट काय’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत येतो. पण उत्तर बहुधा लायसन्सवरून किंवा ऐकीव माहितीवरून दिलं जातं आणि ते भरवशाचं नसतं. दाता शुक्राणू किंवा दाता बीज वापरलं असेल तर नवऱ्याच्या गटावर विसंबता येत नाही, आणि ही गोष्ट सासूबाईंसमोर कुणी बोलणार नाही. म्हणून डॉक्टरांनी हा प्रश्न बाईला एकटीला विचारावा. शंका असेल तर इंजेक्शन देऊन मोकळं व्हावं. न लागणारा एक डोस टोचला गेला तर फार काही बिघडत नाही, लागणारा डोस चुकला तर पुढचं बाळ किंमत मोजतं.

दुसरी जागा गर्भपाताची, आणि इथे तज्ज्ञांतच मतभेद आहेत. वर्षानुवर्षं शिकवलं गेलं की गर्भ पडला, पाडला किंवा गर्भनलिकेत राहिला, तरी निगेटिव्ह बाईला अँटी-डी द्यायचंच. २०२२ च्या सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेनं १२ आठवड्यांच्या आतल्या गर्भपातासाठी त्याची गरज नसल्याचं सांगितलं. इतक्या लहान गर्भाचं जे रक्त आईत येतं ते फारच थोडं असतं. ब्रिटनमध्ये १० आठवड्यांपर्यंतच्या औषधी गर्भपातात ते देत नाहीत. अमेरिकेत एक तज्ज्ञसंस्था नको म्हणते आणि दुसरी द्या म्हणते. आपल्याकडे बरेच डॉक्टर देतात, आणि मला ते समजतं. आठवडे नेमके किती हे सोनोग्राफीनं मोजलेलं असेल तर नवा नियम चालतो. इथे मात्र मेडिकलमधून गोळ्या आणून घरीच घेणाऱ्या बाया आहेत, ज्यांचा ना आठवडा मोजलेला असतो ना गट तपासलेला. बारावा आठवडा उलटल्यावर, गरोदरपणात रक्तस्राव झाल्यावर, पोटावर मार बसल्यावर किंवा गर्भजलाची तपासणी केल्यावर इंजेक्शन द्यायचं याबद्दल मात्र वाद नाही. पूर्वीच्या गर्भपाताबद्दल डॉक्टरांना खरं सांगणंही महत्त्वाचं. निगेटिव्ह बाईच्या बाबतीत ‘पहिलटकरीण’ हा शब्द फाइलवर खोटा असेल तर सगळा अंदाज चुकतो.

तिसरी जागा कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेची. दुसऱ्या सिझेरियनबरोबर नसबंदी झाली, आता कुठे मूल व्हायचंय, मग हजारो रुपये कशाला, असा हिशेब घरचे करतात आणि कधी डॉक्टरही मान डोलावतात. बहुतेक मार्गदर्शन द्यावं असंच सांगतं. माणसाचं आयुष्य ठरल्याप्रमाणे चालत नाही, आणि पुढे कधी घाईत रक्त लागलं तर प्रतिपिंडं असलेली बाई अडचणीत येते.

प्रतिपिंडं तयार झालीच असतील तर अँटी-डीचा उपयोग नाही. तरीही हात टेकायचं कारण नाही. त्यांचं प्रमाण मोजतात. १:१६ किंवा १:३२ ही सावध होण्याची रेषा. मग सोनोग्राफीच्या डॉप्लरनं बाळाच्या मेंदूतल्या एका धमनीतला रक्ताचा वेग पाहतात. रक्त पातळ झालं की ते वेगानं धावतं, एवढ्या साध्या तत्त्वावर पूर्वीची गर्भजलात सुई घालण्याची तपासणी जवळपास मागे पडली. वेग फार वाढला तर नाळेतून बाळाला ओ निगेटिव्ह रक्त देतात. ही कामगिरी करणारे गर्भवैद्यक तज्ज्ञ मुंबई-पुण्यात आहेत, पण तिथपर्यंत वेळेवर पाठवणारा डॉक्टर तालुक्याला हवा.

ओ गटाची आई आणि ए किंवा बी गटाचं बाळ या जोडीबद्दल थोडक्यात. इथे पहिल्या बाळालाही कावीळ होऊ शकते, पण ती बहुधा निळ्या दिव्याखाली ठेवून आटोपते. त्यासाठी गरोदरपणात इंजेक्शन नाही आणि काळजीचं कारणही फारसं नाही. १९५२ मध्ये मुंबईत भेंडे, देशपांडे, भाटिया यांनी जगापुढे आणलेला बॉम्बे रक्तगट ही वेगळीच बाब. साध्या तपासणीत तो ओ दिसतो, पण त्या बाईला ओ गटाचं रक्त चालत नाही. प्रसूतीत रक्तस्राव झाला तर तिला तिच्याच गटाचा दाता लागतो, आणि असा माणूस आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक. घरात कुणाचा हा गट निघाला असेल तर ते डॉक्टरांना नोंदणीच्या दिवशीच सांगावं.

युरोपात आता आईच्या रक्तात तरंगणाऱ्या बाळाच्या डीएनएवरून बाळाचा आरएच जन्माआधीच ओळखतात. डेन्मार्क आणि नेदरलँड्समध्ये ही तपासणी नेहमीची झाली आहे. तिथे निगेटिव्ह आयांच्या दहापैकी जवळपास चार बाळं निगेटिव्ह असतात, म्हणजे तेवढ्या आयांचं २८ व्या आठवड्याचं इंजेक्शन वाचतं. आपल्याकडे निगेटिव्हचं प्रमाण कमी असल्यामुळे हिशेब बदलतो. शंभरी पाचचा आकडा धरून गणित केलं तर इथे पाचातल्या एखादीचंच वाचेल. त्यामुळे ही महागडी तपासणी सगळ्यांना करण्यापेक्षा तो पैसा तालुक्याच्या फ्रिजमध्ये अँटी-डी ठेवण्यावर खर्च करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. ज्यांच्यात प्रतिपिंडं तयार झाली आहेत त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी ही तपासणी मोलाची आहे.

शेवटी पुरवठा. हे इंजेक्शन मुळात माणसांच्या रक्तातून येतं. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांनी आयुष्यात ११७३ वेळा रक्त आणि प्लाझ्मा दिला. तिथली रक्तसेवा २४ लाख बाळांचं श्रेय त्यांच्या प्लाझ्माला देते. २०२५ च्या फेब्रुवारीत, ८८ व्या वर्षी ते गेले. मानवी रक्तातून येणाऱ्या औषधाला जोखीमही असते. आयर्लंडमध्ये सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दूषित अँटी-डीमुळे हजाराहून जास्त बायकांना हेपटायटिस सीची लागण झाली. त्यानंतर विषाणू निकामी करण्याच्या पायऱ्या कडक झाल्या. पण दाते मिळणं कठीणच होत चाललं आहे. सुरुवातीला प्लाझ्मा देणाऱ्यांत याच आजारानं पोळलेल्या बाया होत्या. इंजेक्शनमुळे तशा बाया घटल्या, आणि आता निगेटिव्ह स्वयंसेवकांना मुद्दाम पॉझिटिव्ह पेशी टोचून दाते तयार करावे लागतात. भारतात प्रयोगशाळेत पेशी वाढवून बनवलेलं मोनोक्लोनल अँटी-डीही विकलं जातं. त्याला दात्यांची वाट पाहावी लागत नाही. जगभरात गरज असलेल्या बायकांपैकी निम्म्यांच्या आसपास बायकांना अजून कुठलंच अँटी-डी मिळत नाही, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.